मधे उभा असलेला माणूस

"चित्र दाखवा ना! तुमचं थोबाड कशाला?" सतीश सोफ्यावरून पुटपुटले. "मधे येऊन उभाच राहतो मेला."

श्यामलाने टीव्हीकडे पाहिलं. निवेदक केव्हाच बाजूला झाला होता. पडद्यावर नुसतं चित्र होतं.

गेल्या महिन्यात सतीशच्या हातून गाडीचा आरसा तुटला, तेव्हा तिने लंडनच्या पिनर भागातल्या अरुंद रस्त्याला दोष दिला होता. चहा कपाबाहेर ओतला गेला, तेव्हा कपाला. आता दोष द्यायला घरात फारसं काही उरलं नव्हतं.

"आधी असं नव्हतं," सतीश म्हणाले. "कॅमेरा चित्रावर ठेवायचे आणि हलायचे नाहीत. बघू द्यायचे माणसाला. आता नुसते हातवारे!"

"मग जुनी एखादी टेप लाव गं," श्यामला लेकीला, आश्लेषाला म्हणाली. आवाज जमेल तितका साधा ठेवून.

घरात व्हिडिओ आला तेव्हापासून सतीशनी कलेवरचे कार्यक्रम टेप करून ठेवले होते. कपाटभर. डीव्हीडी आली तरी त्यातली एकही टेप त्यांनी टाकू दिली नव्हती. आश्लेषाने एक काढून लावली.

"ही टेप तुझी फेव्हरेट ना, बाबा?"

चित्रात पांढरी थाळी. थाळीत तीन लिंबं. कॅमेरा जागचा हलत नव्हता. बोलणारा दिसत नव्हता, फक्त त्याचा सावकाश आवाज.

सतीश पुढे झुकले. कोंबडीसारखी मान तिरकी केली, मग दुसऱ्या बाजूला.

"इथेही आलाच बघ," ते म्हणाले, आणि उगाच हसले.

आश्लेषाने आईकडे पाहिलं. आई बाबांच्या हातांकडे बघत होती. उद्या सकाळी या हातांपुढे एक बाई भूल घेऊन निजणार होती. तिचा खुबा सतीशना बदलायचा होता. बाई श्यामलाच्याच वयाची.

श्यामलाने रिमोट उचलला आणि आवाज बंद केला. लिंबं तशीच राहिली, पिवळीधमक.

"अहो," ती म्हणाली, "मधे कुणीच उभं नाहीये."

टेप घरघरत होती. सतीशनी मान सरळ केली.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "हॉस्पिटलला फोन तू लाव. मला नंबरातले मधले आकडे दिसत नाहीत."