जुना बटणांचा फोन

"दे इकडे." गणिताच्या सरांनी हात पुढे केला.

मागच्या बाकावरची मुलगी उठली. तिच्या हातात जुना, बटणांचा फोन होता.

"सर, हा आजोबांच्या लग्नातला दिसतोय!" कोणीतरी म्हणालं. वर्ग हसला.

सर हसले नाहीत. मुलगी त्यांच्याच घराच्या खालच्या मजल्यावर राहायची. आठवड्यात तिसऱ्यांदा सापडली होती.

"आजच्या दिवस राहू द्या ना, सर. मी हातसुद्धा लावत नाही. नुसता जवळ ठेवते."

"एवढा कोणाचा फोन यायचाय?"

"सांगू नकोस म्हणून शपथ घातलीय."

"ओऽऽ!" मुलं ओरडली. तिचा चेहरा पडला. सरांनी फोन पेटीत टाकून कुलूप लावलं.

वर्गात फोनबंदी त्यांनीच आणली होती. पेटीत रोज पहिला फोन त्यांचाच पडायचा. बायकोला छातीचं दुखणं लागल्यापासून मात्र त्यांचा हात पेटीशी घुटमळायचा. आज सकाळीही तिला धाप लागली होती.

"फोन खिशातच ठेवतो," ते म्हणाले होते.

"काही नको. पोरं म्हणतील, लोका सांगे ब्रह्मज्ञान."

"आणि तुला काही झालं तर? ऑफिसातला फोन कोणी उचलत नाही."

"माझी सोय मी बघते. तुम्ही डबा विसरू नका म्हणजे झालं."

मधल्या सुट्टीत मुलगी शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"सर, पाच मिनिटं तरी द्या."

"शाळा सुटल्यावर."

"मग तुमचा तरी बाहेर काढा ना."

"उलट बोलतेस? माझाही आतच आहे. नियम सगळ्यांना सारखा."

ती काहीतरी बोलणार होती. मग ओठ मिटून मागे वळली.

पाचला घंटा झाली. सरांनी पेटी उघडली. आधी स्वतःचा फोन पाहिला. एकही कॉल नव्हता. त्यांना हायसं वाटलं. दिवसभर उगाच जीव टांगणीला लावला होता.

मुलगी समोर उभी होती. रडून डोळे सुजले होते.

"एवढं रडायला काय झालं? घे." त्यांनी तिचा फोन उचलला. अंगठा लागून पडदा उजळला.

तेरा मिस्ड कॉल होते. तेराही एकाच नावाचे. वरच्या काकू.