डबा उघडल्यावर

दवाखान्यातून फोन आला, तेव्हा कारखान्यात फिटर डब्यापुढे डोळे मिटून प्रार्थना पुटपुटत बसला होता. समोरचा वेल्डर नेहमीसारखा खिजवत होता, "काय पाद्रीबाबा, वरच्या साहेबांना फोन लागला का?" तेवढ्यात फिटरच्या खिशातला फोन खरंच वाजला. त्याची बायको गेली होती.

दोन आठवड्यांनी तो कामावर आला. जेवणाच्या सुट्टीत त्याने डबा उघडला आणि प्रार्थना न करताच घास उचलला.

वेल्डरने त्याचं मनगट धरलं. "पाद्रीबाबा, आधी तुमचं ते करा ना."

"पुरे कर रे बाबा. जिंकलास तू."

"चेष्टा नाही, दादा. माझी पोरगी वर्षभर अंथरुणाला खिळलीय. मला प्रार्थना कुठे येते? तुम्ही डोळे मिटलेत की मी मनातल्या मनात तिचं नाव घ्यायचो. बाकीच्यांना कळू नये, म्हणून वरून टिंगल करायचो."

फिटरने घास खाली ठेवला. हात जोडले, डोळे मिटले. समोर वेल्डरनेही मिटले.



सुट्टी संपल्याचा भोंगा वाजला, तेव्हा दोघांचे डबे तसेच भरलेले होते आणि प्रार्थनेचा पहिला शब्दही फिटरच्या तोंडून निघाला नव्हता.