साडेअकराचं गिऱ्हाईक

हॉटेलात कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेल्या आजोबांनी अंबाडीची वाटी बोटानं पुढं सरकवली आणि आकाशला सांगितलं, "मीठ कमी हाय. नुसता आंबटपणा वर आलाय."

आकाश इथला वाढपी. त्यानं ते जसंच्या तसं स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत सांगितलं. हॉटेलच्या मालकिणीनं, रूपानंच तसा नियम केला होता. गिऱ्हाईक जे बोलेल ते रांधणाऱ्या भागूबाईंच्या कानावर गेलंच पाहिजे. आता तिला त्या नियमाचा पस्तावा व्हायला लागला होता.

म्हाताऱ्याचं हे रोजचंच होतं. साडेअकराला हॉटेल उघडलं की पहिला पाय त्याचा. खिडकीजवळचं कोपऱ्यातलं टेबल, पाचही भाज्यांच्या छोट्या वाट्यांचं ताट, आणि मग एकेका वाटीची झडती. दोडक्याला तिखट लई झालं. पाथरी कडूच राहिली. वांग्यातलं कूट कच्चं लागतंय. एवढं बोलून हात धुवायचा आणि गप निघून जायचा. बारानंतर हॉटेल भरायचं, आणि त्या गर्दीतलं एकही माणूस कधी कुरकुर करायचं नाही. लोक बोटं चाटत उठायचे. ह्या एकट्यालाच काय धाड भरली होती कुणास ठाऊक.

रूपाचा जीव तुटायचा तो भागूबाईंसाठी. तक्रार आत गेली की बाईंचा हात थांबायचा, मान खाली जायची. मग त्या मुकाट्यानं पातेल्यात मीठ नाहीतर गुळाचा खडा टाकायच्या. साठीला आलेल्या बाईला रोज कुणीतरी असं टोचून बोलावं, हे रूपाला सोसत नव्हतं.

आणि भागूबाईंवरच तर सगळा डोलारा होता. उस्मानपुऱ्याच्या पलीकडचं हे जुनं जिनिंगचं आवार. पाच वर्षांमागं इथं बाभळी आणि कुत्री सोडून काही नव्हतं. आता कॉफीची दुकानं आली होती, कुंभारकामाचे वर्ग आले होते, आणि रूपाचं 'देठ' आलं होतं. नुसत्या भाज्या खायला हॉटेलात कोण येणार म्हणून तिला सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं. दीड वर्षापूर्वी बचत गटाच्या स्टॉलवर तिनं भागूबाईंच्या हातची घोळाची भाजी खाल्ली आणि बाईंना तिथूनच घेऊन आली. बाई रांधताना चमचाभरही चाखत नसत. नैवेद्याआधी उष्टं करायचं नाही, अशी जुन्या बायकांची रीत. आमच्या मावशी नुसत्या अंदाजावर करतात, हे रूपा येईल त्याला अभिमानानं सांगायची.

दुसऱ्या दिवशी शिवराज देशमुख जेवायला येणार होते. गाळा त्यांचा. करार संपत आला होता आणि एक पिझ्झावाला त्यांच्या मागं लागला होता. शिवराजनं आडपडदा ठेवला नव्हता. आईला घेऊन येतो, तिला जेवण आवडलं तर अजून पाच वर्षं गाळा तुमचा, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. रूपाला रात्रभर झोप लागली नाही. भीती वाटत होती, आणि ती भागूबाईंना दिसू द्यायची नव्हती.

सकाळी साडेअकराला ती स्वतः फाटकात उभी राहिली. म्हातारा आला. आज जागा नाही, असं तिनं सांगितलं. त्यानं रिकाम्या टेबलांकडं बघितलं.

"एकेक घास घेतो अन् जातो, ताई. तेवढं तरी बसू द्या."

रूपाचा पारा चढला. "बाबा, इतकी नावं ठेवता तर येता कशाला? घरी बायकोच्या हातचं खात जा ना."

म्हातारा काहीतरी बोलणार होता. त्यानं एकदा स्वयंपाकघराच्या खिडकीकडं बघितलं, टोपी सारखी केली, आणि "बरं" म्हणून निघून गेला. रूपाला जरा वाईट वाटलं. पण त्याहून जास्त हायसं वाटलं.

आत भागूबाईंनी आकाशला दोनदा विचारलं होतं, कोपऱ्यात कुणी बसलंय का. रूपानं जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मावशी, आज बिनघोर रांधा. त्यांना मी घालवून दिलंय."

"घालवलं?" बाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. त्या पुढं काही बोलायला लागल्या, तेवढ्यात फाटकात गाडी वाजली आणि रूपा बाहेर धावली.

शिवराजच्या आईंनी अंबाडीचा पहिला घास घेतला. चावता चावता त्या थांबल्या. पाणी प्यायल्या. मग वांग्याची वाटी ओढली, तीही बाजूला ठेवली. दोडक्याचा घास त्यांनी रुमालात काढला. शिवराजनं स्वतः चाखून बघितलं आणि चमचा खाली ठेवला. आवाज न चढवता त्यांनी सांगितलं की पिझ्झावाल्यांना आजच होकार कळवतो. दहा मिनिटांत मायलेक गेले.

रूपानं उभ्यानंच सगळ्या वाट्या चाखल्या. अंबाडी खारट ढोण. वांग्यात मिठाचा कणही नव्हता. तिला रडू आवरेना. ती तशीच स्वयंपाकघरात गेली. भागूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. रूपानं त्यांना विचारलं, दीड वर्षात कधी चुकला नाही तो हात आजच कसा चुकला?

बाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"आधीच सांगाया पायजे होतं, ताई. दोन वर्षांमागं ताप आला, तवापासून मला ना वास येतो ना चव कळती. मीठ अन् गूळ सारखंच लागतं. कामावरून काढताल म्हणून बोलले नाय. रोज कोपऱ्यातून सांगायचे, तेवढ्यावर मी रांधत व्हते. सकाळी तुम्ही घालवलं, ते माझे घरधनी."