मेलेलं लाकूड

मेम्फिसच्या एका चर्चमध्ये बास गिटार वाजवता वाजवता म्हातारे झालेले लुशस काका आपली गिटार डेल्फिनच्या गिटार-दुरुस्तीच्या दुकानात टाकून गेले होते. तक्रार एकच होती: लाकूड मेलंय, नाद उठत नाही. ॲशच्या लाकडाचं हलकं धड काढ आणि जड मेपलच्या लाकडाचं बसव, रविवारच्या आत.

आज ते न्यायला आले. डेल्फिनने पाठमोरी असतानाच विचारलं, "काका, कॉफी घेणार?" उत्तर आलं नाही. काकांनी तारा छेडल्या. मग ब्रिजजवळ, जिथे नाद कडक येतो, तिथे आणखी जोरात छेडल्या. त्यांच्या बोटांची टोकं आधीच फुटलेली होती.

"हेही मेलेलंच. लाकूडवाल्याने गंडवलं तुला."

डेल्फिन समोर येऊन बसली. "गिटारच्या खांद्यावर हनुवटी टेकवा. घट्ट. आता वाजवा."

लाकडाची थरथर जबड्यातून थेट कानात उतरली तसे काकांनी डोळे मिटले. "हां! हाच तो! पोरी, काय मेपल बसवलंस!"

त्यांनी डोळे उघडेपर्यंत ती थांबली.

"मेपल नाही काका. तुमचीच जुनी ॲश आहे. मी एक स्क्रूसुद्धा हलवलेला नाही."

काकांनी हनुवटी न उचलता तोच सूर पुन्हा वाजवला.

"गिटारचं भागलं," ते म्हणाले. "पण रविवारी गाणाऱ्यांना ऐकायला हनुवटी कुठे टेकवू?"