तीन शिंगांचा अस्सल

"खरा हाय की नकली, तेवढंच सांग," काळूराम म्हणाला आणि त्याने रुमालाची गाठ सोडली.

केसरीनाथ पुढे वाकला. रुमालात तीन शिंगांचा डायनासोर होता. बोटभर लांब, हिरवट, मानेभोवती सुपासारखी झालर.

कामतघरच्या एका सायझिंगच्या कारखान्यात काळूराम बॉयलर सांभाळायचा. सुताला खळ लावायची तर वाफ हवी, आणि वाफ हवी तर दिवसभर लाकडं ढकलायला काळूराम. केसरीनाथ शेजारच्या यंत्रमागांच्या कारखान्यात जॉबर. लूम बिघडला की त्याला हाक. दोघांची दुपारची सुट्टी एकच, आणि वेडही एकच. चाळिशीला टेकलेले दोन बाप्ये, आणि वेड कसलं, तर खेळण्यातल्या डायनासोरांचं! लोक हसायचे. हसेनात का.

काळूरामकडे सगळा बाजारचा माल. टूथपेस्टच्या खोक्यातून निघालेले, जत्रेतले, पाय मोडके. केसरीनाथची गोष्ट निराळी. त्याचा थोरला भाऊ बोटीवर खलाशी होता. बारांच्या संचातले अकरा त्याने विलायतेहून आणलेले, ते केसरीनाथच्या काचेच्या कपाटात. बारावा तेवढा नव्हता. तो केसाळ हत्ती, म्हणजे मॅमथ, याच नादाच्या मुंबईच्या पेस्तनजी शेटकडे होता आणि शेटने साफ सांगितलं होतं, "पैसा नको. तीन शिंगवाला आण, हत्ती घेऊन जा."

आता आपला तीन शिंगवाला द्यावा तर संच पुन्हा अकराचाच. चार वर्षं केसरीनाथ या गाठीत अडकला होता. त्याला दुसरा तीन शिंगवाला हवा होता. आणि तो आता काळूरामच्या काळ्या तळहातावर उभा होता.

"कुठं गावला?"

"भंगारात," काळूराम खाली बघत म्हणाला. "तू बघ ना आधी."

केसरीनाथने बघितला. पोटाखालची इंग्रजी अक्षरं वाचली. अंगठ्याने घासून वास घेतला. नकली ओतला की खवले बुजतात, शिंगं बोथट येतात, हे त्यानेच काळूरामला शिकवलं होतं. इथे खवला न् खवला नखाला लागत होता. शिंग तर बोटात रुतलं. अस्सल! शंभर टक्के अस्सल!

पण तसं सांगितलं तर? काळूराम उद्या सकाळीच पेस्तनजी शेटच्या दारात जाऊन उभा राहील. या बॉयलरवाल्याच्या फळीवर, मोडक्या पायांच्या गर्दीत, तो केसाळ हत्ती! केसरीनाथला ते सोसवेना.

"नकली," तो म्हणाला.

"नक्की?"

"अरे, एवढी वर्षं काय गवत उपटतो का मी?"

"तसं न्हाय रे." काळूरामने कपाळावरचा घाम पुसला. "घरी जाऊ. तुझा काढ, शेजारी शेजारी ठेवून बघ."

केसरीनाथ दचकला. शेजारी ठेवले तर आंधळ्यालाही कळेल की दोन्ही सारखे. शिवाय रंग जातो म्हणून वर्षभरात त्याने आपल्या संचाला हात लावला नव्हता. बायकोला, कमळलाही लावू देत नसे. ती बिचारी काच तेवढी पुसायची.

"काय गरज? माझा मला पाठ हाय. डोळे मिटले तरी दिसतो."

"मग शपथ घे. वज्रेश्वरी आईची."

खेळण्यापायी कोणी देवीची शपथ मागतं का? केसरीनाथ नाही म्हणणार होता. मग त्याला हत्ती आठवला.

"वज्रेश्वरीची शपथ. नकली हाय."

काळूराम लाकडांच्या ढिगावर मटकन बसला. त्याचे डोळे भरून आले. एका खेळण्यासाठी गडी रडतोय, बघून केसरीनाथला लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून काय शब्द परत घेतो? त्याने हात पुढे केला.

"राहू दे माझ्याकडं. नकली कसा असतो ते दाखवायला कामाला येईल."

"छे! तूच सांगतोस ना, नकली ठेवायचा न्हाय, कोणाला तरी फसवतो म्हणून?" काळूराम उठला, आकड्याने बॉयलरचं दार ओढलं आणि तीन शिंगवाला आत फेकला.

"अरे ए!"

"काय झालं?"

"काय न्हाय," केसरीनाथ म्हणाला. "हात भाजेल म्हटलं."

जळक्या प्लास्टिकचा वास आला आणि गेला. केसरीनाथ लाकडांवर बसला. खोटं बोललो, फळ मिळालं. हत्ती गेला तो गेला. पण आपले अकरा तर कुठे गेले नाहीत? आणि आता अख्ख्या जिल्ह्यात तीन शिंगवाला एकच, तो आपल्या कपाटात. त्याला जरा बरं वाटलं.

काळूराम येऊन त्याच्या पायाशी बसला.

"आता सांगतो केसरी, जोडा काढून हाण पायजे तर. श्रावणात तू न् वहिनी आठ दिवस गणेशपुरीला गेलात, चावी माझ्याकडं देऊन. तवा मी तुझा तीन शिंगवाला उचलला. अंबाडी गावच्या साचेवाल्याकडून तसाच दुसरा करून घेतला. नकली तुझ्याकडं ठेवणार, खरा मी शेटला देणार, हत्ती माझा. पण त्या बाबाने दोन्ही एकाच पिशवीत घालून दिले. कुठला कुठला, मला कळेचना. एक उचलला न् तुझ्या कपाटात ठेवला. तवापासून डोळ्याला डोळा न्हाय बघ. आज हा खरा निघाला असता तर तुझ्या पाया पडून परत दिला असता. पण आई पावली रे! खरा तुझ्या कपाटातच हाय."