सुईचा दांडा

धूळ पुसताना तिची बाही रेकॉर्ड प्लेअरच्या दांड्यात अडकली आणि दांडा वाकला. नवऱ्याच्या त्या यंत्राला हात लावायची घरात कुणाची टाप नव्हती. तिने धावतपळत जाऊन कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्या काकांना बोलावून आणलं.

काकांनी दांडा सरळ केला, मागचं वजन फिरवून सुईचा तोल साधला. "घाबरू नकोस पोरी, त्यांना कळणारसुद्धा नाही."

संध्याकाळी नवऱ्याने आवडती रेकॉर्ड लावली. स्वयंपाकघरात ती श्वास रोखून ऐकत राहिली. गाणं शेवटपर्यंत छान वाजलं. तिचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात तो दारात येऊन उभा राहिला. त्याचा आवाज अगदी हळू होता.

"दुसऱ्या कडव्याला सुई नेहमी अडकते. आज अडकली नाही. घरात कोण आलं होतं?"