हललेले फोटो

बाबांचा हात थरथरतो, त्यामुळे त्यांनी काढलेले निम्मे फोटो हलतात. माणूस मात्र शिस्तीचा. आईचे चांगले फोटो 'सौ' नावाच्या फोल्डरमध्ये आणि बिघडलेले 'सौ हललेले' मध्ये. नातीचं तसंच, सहलींचं तसंच.

"डिस्क भरली रे, ते हललेले सगळे टाक काढून," ते मुलाला म्हणाले.

एकेक फोल्डर कोण पुसत बसणार? त्याने जेवायच्या आधी पटकन सगळे एकदम पुसणारी एक बॅच फाइल लिहिली आणि चालवली. नावात स्पेस असली की फोल्डरचा अख्खा पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांत घालायचा, नाहीतर कॉम्प्युटर स्पेसपर्यंतच वाचतो, हे तो ऑफिसात नव्या लोकांच्या डोक्यात रोज ठोकून बसवतो. घरी नेमका तेवढंच विसरला. कॉम्प्युटरने 'सौ हललेले' मधलं फक्त 'सौ' वाचलं आणि चांगले फोटो पुसून टाकले. रिसायकल बिनमध्येही काही नाही. नातीचे पुन्हा काढता येतील. आईला जाऊन वर्ष झालं होतं.

"झालं का रे?" बाबांनी आतून विचारलं.

"झालं," तो म्हणाला, आणि उरलेल्या फोल्डरच्या नावातून 'हललेले' हा शब्द काढून टाकला.

संध्याकाळी बाबा बराच वेळ स्क्रीनसमोर बसले. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला.



"माझा नंबर वाढलाय बहुतेक. तुझी आई आता नीट दिसतच नाही रे."